शेवटच्या डावातले साडू

माझ्या साडूंइतक्या वेळा निवृत्त झालेला माणूस जगाच्या पाठीवर दुसरा असेल असं मला वाटत नाही. सरकारी नोकर एकदा निवृत्त होतो, नट दोनदा होतात आणि पुढारी तर होतच नाहीत. आमचे साडू मात्र पाच वेळा निवृत्त झाले, आणि पाचही वेळा अगदी मनापासून झाले. नोकरीचा यात काही संबंध नाही. नोकरी बिचारी निमूट चालू होती. टोकियोच्या कोतो वॉर्डातल्या एका जपानी कंपनीत ते सॉफ्टवेअरचं काम करायचे आणि त्यांचं कंत्राट दर दोन वर्षांनी पुढे सरकत होतं. साडू निवृत्त व्हायचे ते खेळातून, आणि प्रत्येक निवृत्ती जेवण घालून जाहीर करायचे. शनिवारी सकाळी फोन यायचा, "साडूभाऊ, निवृत्ती पत्करतोय. उद्या सगळे जेवायलाच या." निशी-कसाईत आमची दोन घरं सायकलने पाच मिनिटांवर, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. माझी थोरली मेव्हणी, जिला बायकोच्या देखादेखी मीही ताईच म्हणतो, श्रीखंडाचं पातेलं मधोमध ठेवत मला हळूच विचारायची, "या वेळी किती आठवडे धरू?" श्रीखंडाची दुसरी वाटी संपली की साडू उभे राहायचे, खेळाने आपल्याला काय काय दिलं ते सांगायचे, डोळे टिपायचे, आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा गणवेश चढवून नदीकाठच्या मैदानाकडे निघालेले दिसायचे.

पहिली निवृत्ती पुण्यातली, क्रिकेटमधली. तिला मी हजर नव्हतो, पण साडूंच्या तोंडून ती इतक्यांदा ऐकली आहे की त्या सामन्याचा अंपायर मीच होतो असं कधी कधी वाटतं. साडूंचा उजवा हात कोपरात जन्मापासून थोडा वाकलेला. ताठ करा म्हटलं तरी होत नाही. क्लबकडून मध्यमगती गोलंदाजी करायचे, विकेटही घ्यायचे, आणि एके दिवशी एका अंपायरने त्यांना एकाच षटकात सात नो-बॉल दिले. साडूंनी कारण विचारलं. अंपायर पुण्याचेच. ते म्हणाले, "ही गोलंदाजी नाही. कैऱ्या पाडायच्या असतील तर गावाबाहेर आमराई आहे." साडू टोपी उचलून तसेच घरी आले, आणि त्यानंतर पंधरा वर्षं त्यांनी भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे शर्ट घातले. स्वतःच्या लग्नात मुंडावळ्या बांधून घेतानासुद्धा ते तो हात पाठीमागे लपवत होते असं ताई सांगते.

टोकियोत आल्यावर कंपनीची वसंतातली सहल नदीकाठी गेली होती. तिथे कोणाचा तरी चेंडू घरंगळत साडूंच्या पायाशी आला आणि त्यांनी तो उचलून परत फेकला. फेकला म्हणजे काय, पन्नास पावलांवर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या थेट छातीशी, हातमोज्यात, सणसणत गेला. ते गृहस्थ कंपनीच्या हौशी बेसबॉल टीमचे कांतोकु निघाले. कांतोकु म्हणजे टीम चालवणारा, खेळाडू निवडणारा, सगळं ठरवणारा माणूस. एरवी ते कंपनीच्या इमारतीची देखभाल बघायचे. साठीला टेकलेले, काटकुळे, शब्द मोजून वापरणारे. ते चालत आले, त्यांनी साडूंची बाही वर सारली, कोपर दोन्ही हातांत धरून डॉक्टरसारखं तपासलं आणि म्हणाले, "चांगलं आहे." एवढंच. "साडूभाऊ," हे सांगताना साडूंचा आवाज दरवेळी चिरकायचा, "माझ्या कोपराला चांगलं म्हणणारा हा पहिला माणूस." त्याच आठवड्यात त्यांनी अर्ध्या बाह्यांचे सहा शर्ट आणले.

पहिल्या सामन्याला मात्र व्हायचं तेच झालं. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न पाडता फलंदाजापर्यंत न्यायचा असतो हे साडूंना माहीत होतं, पण त्यांच्या हाताला माहीत नव्हतं. पहिले तीन चेंडू फलंदाजाच्या बुटांसमोर आपटले. चौथा त्याच्या नडगीवर बसला, आणि साडू गर्रकन वळले, दोन्ही हात वर केले आणि अंपायरच्या अंगावर धावत जाऊन त्यांनी पायचीतचं असं काही अपील केलं की तो गरीब माणूस दोन पावलं मागे सरला. कांतोकु पळत आले. त्यांनी अंपायरला वाकून नमस्कार केला, फलंदाजाला केला, फलंदाजाच्या अख्ख्या टीमला केला, शेवटी साडूंनाही केला आणि त्यांना हाताला धरून बाहेर नेलं. त्या रविवारी आम्ही श्रीखंड खाल्लं. ही दुसरी निवृत्ती. गुरुवारी कांतोकु साडूंच्या टेबलापाशी आले आणि पुढच्या सामन्यांचं वेळापत्रक ठेवून न बोलता निघून गेले. खेळाडूंच्या यादीत अगदी खाली लिहिलं होतं, 'इन्दो-सान'. साडूंचं खरं आडनाव कांतोकुंच्या जिभेला पेलण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी अख्खा देशच त्यांच्या नावावर करून टाकला होता. साडू हरखून गेले. "पुण्यात मला गल्लीकडूनसुद्धा खेळू देत नव्हते हो," ते म्हणाले.

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. सुरुवातीचा पिचर दमला किंवा मार खाऊ लागला की त्याच्या जागी जो येतो तो रिलिफ पिचर. म्हणजे याचं मुख्य काम वाट बघायचं. साडूंनी ते इतकं मनावर घेतलं की ते घरीदारीही रिलिफ पिचर झाले. कुठल्याही कार्यक्रमाला ते वेळेवर यायचे बंद झाले. गरज पडली की यायचे. आमच्या गणपतीला पाच आरत्या होईपर्यंत ते जिन्यात खांदा फिरवत उभे राहायचे, आणि मंडळींचे आवाज बसले आहेत अशी खात्री झाली की आत येऊन मंत्रपुष्पांजली एकहाती काढायचे. ताईचं आणि त्यांच्या मुलीचं भांडण जुंपलं की ते ऐकत बसायचे, आणि दोघी दमल्या की शेवटची पाच मिनिटं सांभाळायला जायचे. मुलगी शाळकरी पोरांच्या जपानीत काहीतरी पुटपुटायची आणि साडूंना ते कळायचं नाही, त्यामुळे तो डाव ते नेहमी बिनगुणाचा काढायचे.

उजव्या खांद्याची तर त्यांनी अशी बडदास्त ठेवली होती की जावयाची कोणी ठेवणार नाही. जेवण सोडलं तर त्या हाताने ते काही करत नसत. कचऱ्याच्या वर्गवारी केलेल्या चार पिशव्या डाव्या हाताने, ऑफिसची बॅग डाव्या खांद्यावर, ट्रेनमध्ये कडीला लटकायचंही डाव्याने. सत्यनारायणाला नारळ फोडायची वेळ आली तेव्हा त्यांनी तो मला दिला आणि भटजींना सांगितलं, "रविवारी मॅच आहे." सामना झाला की भारतीय दुकानातली गोठवलेल्या मटारची मोठी पिशवी खांद्यावर बांधून ते दोन तास टीव्हीसमोर बसायचे, आणि ती वितळली की ताई तिची उसळ करायची. ती उसळ आम्ही कैक सोमवार खाल्ली आहे. मैदानावरचं त्यांचं वागणं मात्र देवळात असल्यासारखं. जपानी खेळाडू मैदानात शिरताना टोपी काढून वाकतात. साडू वाकायचेच, वर मातीला हात लावून तो कपाळाला लावायचे. महिनाभर बाकीच्यांनी बघितलं, आणि मग एका रविवारी पाहतो तो अकराच्या अकरा जण रांगेत मातीला हात लावून कपाळाला लावताहेत. कांतोकुसुद्धा.

अशाने दुसऱ्या वर्षाच्या शरद ऋतूपर्यंत साडू शेवटच्या डावाचे पिचर झाले. या हौशी सामन्यांत सात डाव असतात, आणि टीम थोड्या गुणांनी पुढे असताना सातवा डाव ज्याच्या हाती देतात त्याच्यावर सगळ्यांचा भरवसा असतो. तो भरवसा साडूंवर होता. त्यांचा वाकडा हात कुठून चेंडू सोडतो ते समोरच्याला कळतच नसे. त्या हिवाळ्यात साडू रस्त्याने चालतानाही जरा उंच दिसायचे. टीमचं सामान आळीपाळीने घरी न्यायची त्यांच्यात पद्धत होती. बॅट, चेंडूंची थैली, कॅचरचा, म्हणजे त्यांच्या विकेटकीपरचा, मुखवटा आणि छातीचं चिलखत असलेली ती भलीमोठी बॅग साडूंची पाळी आली की दिवाणखान्यात शोकेसजवळ, पाहुण्यांना दिसेल अशी ठेवली जायची.

मार्च २०११ मध्ये भूकंप झाला त्या शुक्रवारी बॅग साडूंच्याच घरी होती.

त्या दिवसांबद्दल मी फारसं सांगत नाही. मी बँकेतून चालत घरी आलो, पुलावरून हजारो माणसं न बोलता चालत होती, एवढं सांगतो. मग त्सुनामीची चित्रं, मग अणुभट्टीच्या बातम्या, मग दुकानातलं पाणी संपलं, आणि पुण्या-मुंबईहून दर अर्ध्या तासाला फोन. आमचा मुलगा तीन वर्षांचा होता. ही रडत होती. बँकेने काही आठवड्यांची मुभा दिली आणि मी दोन्ही घरांची तिकिटं काढून टाकली. साडूंना विचारलंही नाही, कळवलं. निघायच्या सकाळी ते दारात ती बॅग घेऊन उभे होते. म्हणाले, "एवढी बॅग कांतोकुंकडे देऊन येतो. सांगूनही येतो. तासाभरात आलोच." मी त्यांच्यावर ओरडलो. "अहो, बॅग कसली घेऊन बसलात! पोरं महत्त्वाची की बॅट महत्त्वाची?" आणि त्यांच्या हातातून बॅग काढून घेऊन मीच ती आत ठेवली, मीच कुलूप लावलं आणि त्यांना विमानतळाच्या बसमध्ये बसवलं. विमानात ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला तेव्हा तो पोरकटपणा वाटला. पुण्याहून ऑफिसला कळवायलाही त्यांना आठवडा लागला.

एप्रिलच्या मध्यावर आम्ही परतलो. साडू पहिल्याच दिवशी बॅग घेऊन कांतोकुंकडे गेले, बोलणी खायच्या तयारीने. कांतोकुंनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "परत आलात, बरं वाटलं. घरची मंडळी ठीक आहेत ना?" टीममधले सगळे तसंच म्हणाले. ऑफिसमधलेही तसंच. इथेच आमच्या साडूंचं बिनसलं. ते पुण्यात वाढलेले. तिथे चूक झाली की वाड्यातला प्रत्येक जण तुमची सविस्तर हजेरी घेतो आणि मग चहा देतो, म्हणजे प्रकरण मिटलं. अपमान झाल्याशिवाय आपल्याला माफ केलं आहे यावर पुणेकराचा विश्वासच बसत नाही. साडू रोज वाट बघायचे, आज कोणीतरी बोलेल. कोणीही बोललं नाही. फक्त सातवा डाव दुसऱ्याच्या हाती गेला.

खरी गोष्ट त्यांना उन्हाळ्यात कळली, तीही सहज जेवताना. टीमचा कॅचर ईशान्येच्या किनाऱ्यावरच्या गावचा. भूकंपानंतर नऊ दिवस त्याच्या आईवडिलांचा पत्ता नव्हता. तो घरी फोनपाशी एकटा बसून राहू नये म्हणून कांतोकुंनी मधल्या रविवारी सगळ्यांना मैदानावर बोलावलं होतं. सगळे आले. सामान नव्हतं. मग त्यांनी वर्तमानपत्राचे बोळे करून त्यांना चिकटपट्टी गुंडाळली आणि त्या चेंडूंनी दिवसभर झेलाझेली केली. कॅचरचे आईवडील पुढे एका शाळेच्या निवाऱ्यात सुखरूप सापडले. तो हे साडूंना हसत हसत सांगत होता. कागदाचा चेंडू कसा भलतीकडेच जायचा ते हाताने करून दाखवत होता. शनिवारी साडूंचा फोन आला आणि आम्ही जेवायला गेलो. ही तिसरी निवृत्ती. श्रीखंड झालं, साडू उभे राहिले. कागदाच्या चेंडूंचं तेवढं सांगितलं आणि खाली बसले. मला ते एक शब्दही बोलले नाहीत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि मला ते फार लागलं. जिन्यापर्यंत सोडायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "साडूभाऊ, मी निवृत्त होत नाहीये. तो सातवा डाव मला परत मिळवायचाय."

त्यानंतर सव्वा वर्ष त्यांनी जे काम केलं त्याला जपानीत 'हाइसेन शोरी' म्हणतात. पराभवाची आवराआवर. टीम दहा-बारा गुणांनी मागे पडली, सामना गेलाच आहे, चांगल्या पिचरचा हात कशाला शिणवायचा, अशा वेळी ज्याला पाठवतात तो. प्रेक्षक उठून चाललेले असतात, आपलेच खेळाडू सामान आवरू लागलेले असतात. साडू अशा सामन्यांत असे उतरायचे की जणू जगज्जेतेपद पणाला लागलंय. मातीला हात लावायचे, घाम पुसायचे, कॅचरच्या खुणा डोळे बारीक करून वाचायचे आणि एकेका फलंदाजासाठी जीव टाकायचे. चौदा विरुद्ध एक अशा सामन्याचा शेवटचा गडी बाद केल्यावर त्यांनी हवेत मूठ उगारलेली मी पाहिली आहे. ताई म्हणायची, "अहो, हरलात ना?" ते म्हणायचे, "माझ्या डावात नाही."

मग खांदा गेला. डॉक्टरांनी हात खांद्याच्या वर न्यायचा नाही असं सांगितलं, आणि चौथी निवृत्ती झाली. या वेळी आम्हा सगळ्यांना ती खरी वाटली. ताईने श्रीखंडात केशर घातलं. साडूंचं भाषणही छान झालं. पण भाषण संपवून बसता बसता ते स्वतःशीच म्हणाले, "खांद्याच्या वर न्यायचा नाही म्हणाले. खाली न्यायचा नाही असं कुठे म्हणाले?" जपानात काही पिचर हात खांद्यावरून न आणता जमिनीलगत आणून फेकतात, बोटं मातीला घासतील इतक्या खालून. साडूंनी बेचाळिसाव्या वर्षी ते शिकायला घेतलं. आधी इमारतीच्या सायकल ठेवायच्या जागेत गादी टांगून. तीन दिवसांत तिथे नोटीस लागली की सायकली दचकत असल्याचं काही रहिवाशांच्या कानावर आलं आहे, असं ते आम्हाला सांगायचे. नोटिशीत काय होतं कोण जाणे. मग ते नदीवर गेले. आमची तोझाई लाइन निशी-कसाई सोडली की पुलावरून नदी ओलांडते. त्या पुलाजवळ बंधाऱ्याची भिंत आहे, तिच्यावर त्यांनी खडूने चौकोन काढला. रोज सकाळी ऑफिसला जाताना मला ट्रेनमधून ते दिसायचे. पावसात छत्री डाव्या हातात. थंडीत कानटोपी. कंबरेतून वाकायचे, हात जमिनीवरून यायचा, चेंडू भिंतीला लागून परत यायचा, आणि तोवर माझी गाडी पुढे गेलेली असायची. रोज शंभर फेका, दहा महिने. मी दाराशी उभा राहायचो, कारण बसलं तर ते दिसत नसत.

भूकंपाला अडीच वर्षं झाली होती तेव्हा वॉर्डाच्या स्पर्धेत त्यांची टीम उपांत्य सामन्याला पोचली. आम्ही सगळे जाळीमागे चटई टाकून बसलो होतो. सातवा डाव, तीन विरुद्ध दोन अशी आघाडी, आणि पिचर दमलेला. बाकावर एक तरणाबांड पिचर अंग मोकळं करून तयार होता. कांतोकुंनी त्याच्याकडे बघितलं, मग साडूंकडे बघितलं, आणि मानेनेच साडूंना 'जा' म्हणाले. ताईने माझ्या बायकोचा हात धरला. साडू गेले, मातीला हात लावला, आणि पहिले दोन फलंदाज त्यांनी असे बाद केले की त्यांना चेंडू पायाखालून उगवल्यासारखा वाटला असावा. तिसऱ्याचा फटका लांब गेला आणि तो थेट तिसऱ्या बेसवर, म्हणजे गुणाच्या वाटेवरच्या शेवटच्या थांब्यावर, पोचला. आणखी एक गडी बाद केला की सामना खिशात. चौथ्याने बॅट घातली आणि चेंडू टुकटुकत साडूंच्याच हातात आला. तो उचलून, फलंदाज पोचायच्या आत, पहिल्या बेसकडे फेकायचा की गडी बाद, संपलं. शाळेतली पोरंही फेकतात. पण तिसऱ्या बेसवरचा माणूस धावत सुटलेला साडूंना दिसला, आणि पुण्याचं सगळं क्रिकेट त्या वाकड्या कोपरात जागं झालं: माणूस धावतोय, चेंडू किपरकडे! त्यांनी तो सणकन कॅचरकडे फेकला. कॅचर उभा राहून पहिल्या बेसकडे बोट दाखवत होता. चेंडू त्याच्या कानाजवळून मागे गेला आणि धावणाऱ्याने गुण काढला. तीन-तीन.

कांतोकु बाकावरून उठले आणि चालत निघाले, आणि तरण्या पिचरने हातमोजा चढवला. साडूंनी टोपी काढली. आणि मग त्या शब्द मोजून वापरणाऱ्या म्हाताऱ्याने असा काही आवाज काढला की नदीपलीकडची कुत्री भुंकायला लागली. मला जपानी दुकानापुरतं येतं, पण 'मार्च' आणि 'बॅग' हे दोन शब्द मला कळले. बाकीचं साडूंनी मला नंतर शब्दशः सांगितलं. "इन्दो! पहिला बेस कुठे आहे ते ठाऊक आहे का? चार वर्षं झाली! डोकं घरी ठेवून आलास? आणि मार्चमध्ये! बायकोमुलं घेऊन गेलास, चांगलं केलंस, जायलाच पाहिजे होतं. पण सांगून जाता येत नव्हतं? आम्हाला वाटलं, कुठे गाडला गेलास की काय! आठ दिवस तुझ्या दाराची घंटा वाजवत होतो मी! आणि पुढच्या वेळी पळायचं तर खुशाल पळ, पण बॅग ठेवून जा!" प्रत्येक वाक्याला साडू मान खाली घालून "हाय" म्हणत होते, म्हणजे होय. मग कांतोकुंनी मातीतला चेंडू उचलला, स्वतःच्या पँटीला पुसला, साडूंच्या हातमोज्यात ठोकून ठेवला आणि परत जाऊन बाकावर बसले. तरण्या पिचरने हातमोजा काढला.

साडूंनी पुढचा गडी बाद केला. जादा डावात त्यांच्या टीमला गुण मिळाला नाही. त्या डावाचं चेंडू टाकणंही साडूंचंच होतं, त्यानंतरच्याचंही, आणि त्यात एक साधा फटका क्षेत्ररक्षकांच्या मधून गेला आणि ते हरले. दोन्ही टीमनी समोरासमोर रांगेत वाकून नमस्कार केला. मी साडूंना काय बोलावं याची मनात जुळवाजुळव करत होतो, तोवर ते जाळीपाशी आले. चेहरा मातीने माखलेला, खांदा लटकलेला, आणि डोळ्यांतून पाणी. "ऐकलंत ना, साडूभाऊ?" ते म्हणाले. "सगळ्यांसमोर! कशी चामडी सोलली बघा!" इतका सुखी माणूस मी त्याआधी किंवा नंतर पाहिलेला नाही. बंधाऱ्यावरून दोन सायकली ढकलत येताना त्यांनी ती बोलणी मला चार वेळा मराठीत करून ऐकवली, आणि दरवेळी थोडी वाढवून. मी नुसता हं हं करत होतो. बॅग आत ठेवून कुलूप लावणारा मी होतो हे त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांना ते माहीत होतं.

पुढच्या वसंतात त्यांचं कंत्राट संपलं, पाचवी निवृत्ती झाली आणि ते पुण्याला परत गेले. जाताना टीम स्टेशनवर आली होती. मी इथेच राहिलो. नंतर ट्रेन पुलावरून जाताना मला बंधाऱ्याकडे बघवत नसे. शेवटी एका रविवारी मी मैदानावर गेलो. कांतोकु रेषा आखत होते. माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत मी त्यांना सगळं सांगितलं. इन्दो-सान बॅग घेऊन तुमच्याकडेच निघाले होते, मी त्यांना अडवलं, मी त्यांच्यावर ओरडलो, चूक माझी आहे. कांतोकुंनी फक्की खाली ठेवली, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "त्या दिवसांत सगळ्यांनाच फार त्रास झाला. मुद्दाम आलात, आभारी आहे." मग त्यांनी मला गार चहाची बाटली दिली आणि पुन्हा रेषा आखायला लागले. मी त्यांच्या टीमचा कुठे होतो?

घरी येऊन मी पुण्याला फोन लावला. साडूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुम्हाला हा शहाणपणा आत्ता सुचला?" आणि तिथून जी सुरुवात झाली! मी कोण लागून गेलो होतो त्यांच्या हातातून बॅग घेणारा, मला तासभर कळ काढता येत नव्हती का, बस सुटली असती तर दुसरी मिळाली नसती का, कागदाचे चेंडू करायला लावले मी त्या माणसांना, आणि वर विमानात घोरत होतो. इतक्या वर्षांत त्यांनी मला यातलं एक अक्षरही ऐकवलं नव्हतं. मी खिडकीशी उभा राहून ऐकत होतो, प्रत्येक वाक्याला हो म्हणत होतो, आणि ही स्वयंपाकघरातून डोकावून खुणेने विचारत होती, काय झालं, रडताय का? मध्ये एकदा दम खायला साडू थांबले. फोन ठेवतात की काय असं मला वाटलं.

"आणखी बोला," मी म्हणालो.